निळा खडा आणि सागराचे नाव

अलंकारांवर टीकालेख लिहिण्याची प्रथा आपल्या नियतकालिकांत फारशी नाही. कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्र आणि शिल्प, एवढ्यावर आपली समीक्षा थांबते. दागिना हा सराफाचा, सासूबाईंचा आणि चोराचा विषय मानला जातो. वस्तुतः जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागविली जाते, जिचे घाट ठरून गेलेले असतात आणि जिच्यातला एखादा खडा इकडचा तिकडे झाला तर घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या ते तत्काळ नजरेस येते, तिच्याइतकी परंपरेला बांधलेली कला दुसरी क्वचितच सापडेल. म्हणून आज निळ्या खड्यांविषयी, आणि त्या खड्यांतून सागर दाखविण्याची जी हौस अलीकडे बळावली आहे तिच्याविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

जबलपूरपासून समुद्र दूर आहे. आगगाडीने मुंबई गाठावयाची तर जवळजवळ एक हजार किलोमीटरांचा प्रवास. नर्मदामाई येथून वाहत जाऊन भडोचपलीकडे सागरास मिळते खरी, पण तिच्या सोबतीने जाण्याची सोय रजेच्या कोणत्याच नियमात नाही. अशा या गावी, सराफ्यातील काचेच्या कपाटांत आणि हिवाळ्यात भरणाऱ्या प्रदर्शनांत, ‘सागरी’ म्हणून दागिने मांडलेले दिसतात. चांदीची एक लाट, तिच्या पोटात दाटीने बसविलेले निळे खडे. अंगभर निळाच असलेला मासा. शिंपला, तोही काठोकाठ निळ्या खड्यांनी भरलेला. विक्रेता सांगतो, हा समुद्राचा रंग. ज्याचे बालपण मालवणास किंवा अलिबागेस गेले आणि ज्याच्या नशिबी पुढे कटनी, इटारसी, जबलपूर अशा बदल्या आल्या, तो गृहस्थ मुलीसाठी ती कर्णभूषणे हौसेने घेतो. त्याची ओढ खरी आहे. प्रश्न एवढाच, की त्या ओढीच्या बदल्यात त्याला जे मिळाले त्यात समुद्र कोठे आहे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की खडा निळा आहे एवढ्यावरून तो सागराचा होत नाही. आणि ही गोष्ट आपल्या जुन्या कलावंतांस आजच्या कारागिरांपेक्षा पुष्कळच अधिक कळलेली होती.

प्रथम हे खडे कोणते ते पाहू. बाजारात स्वस्त मिळणारा चकचकीत निळा खडा बहुधा पुष्कराजाच्या जातीचा, म्हणजे टोपाझ असतो. खाणीतून तो निघतो तेव्हा बहुतेक वेळा बिनरंगी असतो. त्याच्यावर किरणांचा मारा करून व मग त्यास तापवून हा निळा रंग आणतात. १९७० नंतरच्या काळात ही विद्या व्यापारात रुळली. या रंगाच्या छटांना व्यापाऱ्यांनी दिलेली नावे मोठी मौजेची आहेत. फिकट तो ‘स्काय’, त्याहून उजळ तो ‘स्विस’, गडद तो ‘लंडन’. म्हणजे एकात आकाश, एकात ज्यास समुद्रकिनाराच नाही असा देश, आणि एकात नदीकाठचे धुरकट शहर! सागराचे नाव मात्र या तिघांपैकी एकासही व्यापाऱ्याने दिले नाही. ते पुढे घडणाऱ्याने आणि विकणाऱ्याने चिकटविले. रंग कृत्रिम आहे ही आमची तक्रार नव्हे. मिना तरी कोठे खाणीतून निघतो? तक्रार आहे ती त्या रंगाच्या एकसुरीपणाविषयी. शंभर खडे घेतले तरी शंभरांचा निळेपणा एकच. आणि एकाच निळ्या रंगाचे शंभर ठिपके शेजारी शेजारी मांडले की जे दिसते त्यास न्हाणीघराची फरशी म्हणता येईल, लाट म्हणता येणार नाही.

ज्या खड्यास खरोखर सागराचे नाव आहे तो म्हणजे अ‍ॅक्वामरीन. या लॅटिन नावाचा अर्थच समुद्राचे पाणी. हा खडा बेरिल जातीचा. त्यातील लोहाच्या अंशामुळे त्यास निळसर हिरवी छटा येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या शेवटच्या, रत्नांवरील भागात लिहून ठेवले आहे, की सागराच्या निर्मळ हिरव्या रंगाशी ज्यांचे साम्य ते बेरिल उत्तम. आता गंमत अशी, की ‘बेरिल’ हा शब्द आपल्याच ‘वैडूर्य’ शब्दापासून, त्याच्या प्राकृत ‘वेळुरिय’ या रूपावरून, तिकडे गेला असे भाषापंडित मानतात. खडेही तिकडे इकडूनच जात. कोइमतूरच्या बाजूस पडियूर येथे बेरिलची जुनी खाण होती, आणि त्या टापूत रोमन नाण्यांचे साठे जागोजाग सापडले आहेत. आपला दगड, आपला शब्द. पण त्यात सागर पाहिला तो रोमन माणसाने. आपण त्या शब्दाचे काय केले? आज मराठीत वैडूर्य म्हटले की लसण्या समजतात, आणि लसण्या म्हटले की केतू आठवतो.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. अजिंठ्याच्या वाकाटककालीन चित्रांत जो निळा रंग आहे तो लाजवर्दाच्या दगडाची पूड करून केलेला. हा दगड अफगाणिस्तानातील बदक्शानच्या डोंगरांतून आला. पुढे हाच दगड युरोपात गेला तेव्हा त्याच्या रंगास तेथे ‘अल्ट्रामरीन’ म्हणजे ‘सागरापलीकडचा’ असे नाव पडले. त्या नावात सागर आहे, पण तो मालाच्या वाटेवरचा; रंगाशी त्याचा संबंध नाही. नावात सागर दिसला म्हणून वस्तूतही सागर असलाच पाहिजे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अजिंठ्याचे नाव निघालेच आहे, तर पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या गळ्याकडे जरा थांबून पाहावे. त्या चित्राविषयी लिहिताना बहुतेक लोक त्याच्या अर्धोन्मीलित डोळ्यांवरच लिहितात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या गळ्यात मोत्यांचा सर आहे, आणि त्या सराच्या मध्यभागी एक, अवघा एकच, ठसठशीत निळा खडा आहे. जुन्या वाङ्मयात या अलंकारास एकावली म्हणतात. मधला खडा तो इंद्रनील. चित्रकारापाशी निळा रंग होता, तो किती दुरून आणि किती मोलाने आणलेला होता हे आताच सांगितले. तरी त्याने दुसरा निळा खडा त्या सरात घातला नाही.

याच एकावलीचे शब्दचित्र कालिदासाने मेघदूतात काढून ठेवले आहे. चर्मण्वती नदीवर, म्हणजे आपल्या मध्यप्रदेशातील चंबळेवर, पाणी पिण्यास मेघ वाकेल तेव्हा आकाशातून जाणाऱ्यांना काय दिसेल, याचे ते वर्णन. नदीचा पट रुंद खरा, पण इतक्या उंचीवरून तो बारीक दिसणार. आणि त्यावर ओणवलेला सावळा मेघ पाहून त्यांस वाटणार, की पृथ्वीने गळ्यात मोत्यांचा एकसर घातला असून त्याच्या मध्यभागी टपोरा इंद्रनील आहे. या उपमेचे सौंदर्य आजवर पुष्कळांनी वाखाणले आहे. आम्हास त्यातील एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. येथे पाणी निळे नाही. पाणी म्हणजे मोती. निळा आहे तो पाण्यावर बाहेरून आलेला मेघ. पाण्याचे पाणीपण कवीने शुभ्रतेला दिले आणि निळाईकडे केवळ त्या शुभ्रतेवर पडलेल्या छायेचे काम सोपविले.

रघुवंशाच्या तेराव्या सर्गात तर कवीपुढे प्रत्यक्ष सागर आहे. लंकेहून परतताना विमानातून राम सीतेस तो दाखवितो. तेथे सेतूने दुभागलेल्या फेसाळ सागरास आकाशगंगेने दुभागलेल्या आकाशाची उपमा मिळाली आहे, दूरच्या काळपट किनाऱ्यास लोखंडी चक्राच्या कडेवरील गंजाच्या रेघेची. इंद्रनीलाची उपमा त्याच सर्गात आहे, पण कोणास? पुढे प्रयागास, गंगेच्या शुभ्र ओघात मिसळणाऱ्या यमुनेस! मोत्यांच्या सरात मधून मधून ओवलेले इंद्रनील, असा तो संगम. ज्या सर्गात सागर हाताशी होता त्याच सर्गात रत्नपारखी कवीने इंद्रनील नदीसाठी राखून ठेवला, हा निव्वळ योगायोग असेल असे आम्हास वाटत नाही. निळा मणी शोभतो तो पांढऱ्याच्या संगतीत, आणि कुठे तरी मर्यादा घातलेल्या जागेत. अमर्याद निळाई खड्यात मावत नाही, हे त्याने जाणले होते.

(जाता जाता: मेघदूतातील यक्ष हा कामात कसूर केल्यावरून वर्षभर दूर पाठविलेला नोकरच होता. म. म. मिराशी यांनी त्याचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादिले आहे. आमच्या वाचकांस त्या काव्यात थोडी अधिक गोडी वाटत असेल तर ती साहजिक आहे.)

पुराणकथाही हेच सांगतात. गरुडपुराणात बलासुराच्या शरीरापासून रत्ने झाल्याची कथा आहे. त्याचे दात समुद्रात पडले, त्यांचे मोती झाले. डोळे सिंहलाच्या किनाऱ्याच्या भूमीवर पडले, त्यांचे इंद्रनील झाले. दोन्ही एकाच देहाची. पण सागराच्या पोटात गेला तो मोती, निळा मणी किनाऱ्यावरच राहिला. आणि ज्यास सर्वार्थाने सागराचे रत्न म्हणावे तो समुद्रमंथनातील कौस्तुभ? भागवताने त्यास पद्मराग म्हटले आहे, म्हणजे तो तांबडा! निळा आहे तो ज्याच्या वक्षावर हा मणी विराजतो तो विष्णू. भूगर्भशास्त्राची साक्षही या कथांच्या विरुद्ध जात नाही. सिंहलातील नीलम सापडतात ते रत्नपुराच्या बाजूस, नद्यांच्या जुन्या वाळूगोट्यांत. आणि जगात सर्वांत नावाजलेले नीलम १८८०च्या सुमारास काश्मिरातील पाडरच्या डोंगरांत, साडेचार हजार मीटरांच्या आसपासच्या उंचीवर, कडा ढासळल्यामुळे उघडे पडले. समुद्रापासून याहून दूर ते काय जाणार!

मग मराठी अलंकारांत हा निळा मणी कोठे गेला? नथ घ्या. मोती पांढरे, मधला खडा लाल किंवा गुलाबी, जोडीस एखादा हिरवा. कुड्या मोत्यांच्या. चिंचपेटी मोत्यांची. तांबडे, हिरवे, पांढरे आणि सोन्याचे पिवळे, एवढ्या चार रंगांत आपला सारा संसार. निळा खडा येतो तो नवरत्नांच्या अंगठीत, आठ सोबत्यांच्या पहाऱ्यात. नाही तर एकटा, शनीचा खडा म्हणून, पुरुषाच्या मधल्या बोटात. नीळ लाभली तर रंकाचा राव होतो, न लाभली तर रावाचा रंक, ही समजूत आपल्या घरोघरी आहे. तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने तपासावयाची आणि मग घालावयाचा, असा हा खडा. त्याच्याकडे पाहण्याची कोणास छातीच नाही, तर त्याचे सौंदर्य दिसावे कसे? दागिन्याचे औषध झाले, आणि औषधाचा रंग कोणी पाहत नाही.

तथापि सर्व दोष शनिमहाराजांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. दुसरेही एक कारण आम्हास संभवनीय वाटते. समईच्या आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात माणिक पेटून उठते आणि नीलम काळवंडतो; कारण त्या उजेडात निळा अंश थोडा. आपले लग्नसमारंभ, मंगळागौरीची जागरणे, देवळातील उत्सव हे सारे पिढ्यान्‌पिढ्या अशाच उजेडात झाले. तेथे निळ्या खड्यास कोण विचारणार? आज दुकानाच्या कपाटात पांढरे शुभ्र विजेचे दिवे आहेत आणि त्यांच्या खाली निळे खडे भलतेच तळपतात. सागरी दागिन्यांच्या या नव्या हौसेत सागराचा वाटा किती आणि एलईडी दिव्यांचा किती, हे एकदा तोच दागिना घरी आणून संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली धरला म्हणजे कळते.

मराठी स्त्रीने निळा रंग टाकून मात्र दिला नव्हता. तो तिने वस्त्रात ठेवला. मोरपंखी पैठणी याला साक्ष आहे. शिवाय आपल्या भाषेत ‘नीळ’ हा शब्द रत्नालाही आहे, रंगाच्या झाडालाही आहे आणि धुण्याच्या बादलीतल्या पुडीलाही आहे. या शेवटच्या निळीकडे कोणा समीक्षकाने कधी पाहिले नसेल. पांढरे धोतर निळीच्या पाण्यातून काढले की निळे दिसत नाही, अधिक पांढरे दिसते. कापडावरचा पिवळेपणा त्या निळसर अंशाने मारला जातो. पद्मपाणीच्या गळ्यातला खडा नेमके हेच करतो. तो एकटा असल्यामुळे त्याच्या दोहों बाजूंचे मोती पाण्यासारखे होतात. त्याच जागी वीस निळे खडे बसवा, मोती जातील आणि पाणीही जाईल.

येथे एक शंका कोणी काढील. कालिदास काही म्हणो, समुद्र निळा दिसतो हे तर खरे ना? दिसतो, पण तो निळा आहे कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे. या प्रश्नाचा पाठपुरावा ज्याने केला तोही एके काळी आमच्यासारखाच केंद्राच्या चाकरीत होता, अर्थात पुष्कळ वरच्या पायरीवर. चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी वित्त खात्यात असताना १९१०च्या सुमारास नागपुरासही नेमणुकीवर होते. नोकरी सोडून अध्यापनात गेल्यावर १९२१ साली विलायतेहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी समुद्राचा निळा रंग पाहिला. हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी लोलकाच्या साहाय्याने ते प्रतिबिंब छाटून टाकले, आणि निळाई कमी होण्याऐवजी अधिकच गहिरी दिसली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात हे त्यांनी दाखविले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हाही त्या निळाईचा मोठा भाग आहे असे आता मानतात. म्हणजे समुद्राचा रंग त्याच्या खोलीतून येतो. ओंजळीत घेतलेले समुद्राचे पाणी निळे नसते. जे ओंजळीत निळे नाही ते कानाच्या पाळीवर निळे करून दाखविणे, यात निरीक्षण कमी आणि भिंतीवरच्या कॅलेंडराची आठवण जास्त. खुद्द कोकणचा किनारा ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे त्यास तर हे सांगावयास नको. त्या दिवसांतला समुद्र मातकट, राखाडी, फेसाळ असतो, आणि आठवणीत येतो तो बहुधा तोच.

सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर जी कविता रचली ती मराठीतील समुद्राची सर्वांत गाजलेली कविता. परमुलुखी अडकलेल्या माणसाचा समुद्र कसा असतो हे पाहावयाचे असेल तर ती पाहावी. तेथे कवी समुद्राशी भांडतो, त्यास त्याच्या वचनाची आठवण देतो. रंगाची त्यास गरज पडत नाही.

मग सागर दागिन्यात आणूच नये काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पायाच्या बोटांतील मासोळ्या पाहा. चांदीच्या, बिनखड्याच्या, माशाच्या आकाराच्या. रंग नाही, पण चालताना लुगड्याच्या काठाखालून त्या दिसतात आणि लपतात. पाण्यातला मासा याहून निराळे काय करतो? विठोबाच्या कानांतील मकरकुंडले घ्या. मकर हा पाण्यातला प्राणी, आमच्या नर्मदेचे वाहन. तोही आकाराने आणि हेलकाव्याने पाणी सुचवितो. परदेशातही चांगल्या कारागिराची दृष्टी हीच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘कॅनिंग ज्युएल’ नावाचे एक पदक आहे. त्याच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत; पण रचना अशी, की एका वेड्यावाकड्या मोठ्या मोत्याचेच सागरपुरुषाचे धड केले आहे. मोत्याचा जो आकार सागराने दिला तोच कारागिराने मान्य केला आणि बाकीचे सोने व मिना त्याच्या सेवेस लावले. खड्यांतच सागर शोधावयाचा असेल तर आमच्या मते पुष्कराजापेक्षा चंद्रकांत बरा. त्याच्या दुधी अंगावरून निळसर झाक सरकत जाते, खडा हलला की ती हलते, आणि आतून आल्यासारखी वाटते. चांदण्यात याला पाझर फुटतो असे संस्कृत कवी मानीत. रामन यांनीही पुढे या जातीच्या खड्यांतील झळाळीचा अभ्यास केला होता. पण चंद्रकांत स्वस्त आणि फिकट. प्रदर्शनाच्या दिव्याखाली तो मागे पडतो.

भेडाघाटास चौसष्ट योगिनींच्या मंदिरात कलचुरींच्या काळच्या मूर्ती आहेत. पाहुणे आले की त्यांस संगमरवरी कडे दाखवून आपण परततो. पायऱ्या चढून वर गेलेच तर मूर्तींचे भंगलेले हात पाहून हळहळतो. त्यांच्या गळ्यांतील हारांकडे एकदा निवांत पाहावे. दगडात रंग नाही, त्यामुळे शिल्पकाराला प्रत्येक मणी केवळ आकाराने आणि जागेने सिद्ध करावा लागला आहे, आणि मधला मणी कोणता हे सांगण्यासाठी त्यास रंगाची वाट पाहावी लागली नाही. सागरी दागिने घडविणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर करावा: आधी बिनरंगी घडवून पाहावे, त्यात लाट दिसली तर मग खडा.

आपल्याकडे यासाठी नवा घाट शोधण्याचीही गरज नाही. तन्मणी आहेच. मोत्यांचे सर आणि मध्यभागी खोड, ही रचना म्हणजे त्या जुन्या एकावलीचीच वंशज म्हणावी इतकी तिच्या जवळची आहे. फक्त मधल्या जागी आपण तांबडे, हिरवे किंवा हिरे बसवीत आलो. तेथे एकच चांगला निळा खडा बसविला, आणि मोती पुरेसे पांढरे असले, तर अजिंठ्याच्या चित्रात जे आहे ते एखाद्या मराठी मुलीच्या गळ्यात पुन्हा दिसू शकेल. अशी मागणी सराफापाशी करून पाहावी. वजन आणि भाव सांगण्यापूर्वी तो मुलीची रास विचारतो.